नांदूर मध्यमेश्वरची सपाट राइड येताना का छळते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे नाशिकचे, वय बेचाळीस, सरळ हँडलची हायब्रिड सायकल. त्र्यंबक, पहिने, घोटी या चढ-उताराच्या वाटा ते आरामात करतात. मार्चमध्ये एका रविवारी सकाळी साडेसातला निघून ते ओढा-चांदोरीमार्गे नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याला गेले. जाताना ताशी 26-27 चा वेग मिळाला. पक्षी पाहून साडेदहाला परत फिरले आणि मग वेग 18 वर आला. हातांना मुंग्या आल्या, बसवेना, शेवटचे काही किलोमीटर थांबत थांबत काढले. त्यांचं म्हणणं असं की रस्ता तर पूर्ण सपाट होता. मग दोष सायकलचा की अंगातल्या ताकदीचा? खाली वळलेल्या हँडलची रोड बाइक घ्यावी का?

सायकलचं शेवटी बोलू. तुमच्या ताकदीत मला काही खोट दिसत नाही. पहिने चढणाऱ्या माणसाला जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर जड जाण्याचं कारण नाही. तुम्ही हा रस्ता नकाशातली उंची पाहून ठरवलात. सपाट रस्त्याचा आराखडा वाऱ्यावरून करायचा असतो. उंची तिथे जवळजवळ काहीच सांगत नाही.

आधी आकडे पाहू, म्हणजे हा काही मनाचा खेळ नव्हता हे पटेल. माणूस आणि सायकल मिळून 85 किलो धरा, हायब्रिडवर सरळ बसलेला माणूस धरा. वारा शांत असताना ताशी 25 किलोमीटरने जायला साधारण 105 वॅट लागतात. त्यातले दोन तृतीयांश नुसती हवा बाजूला सारण्यात जातात, उरलेले टायर आणि रस्ता खातात. आता समोरून फक्त ताशी 10 किलोमीटरचा वारा आला, म्हणजे झाडाची पानं सळसळतील एवढाच, तर तोच 25 चा वेग ठेवायला 170 वॅटच्या पुढे जावं लागतं. हा फरक एक टक्क्याहून थोड्या जास्त सलग चढाइतका आहे. चाळीस किलोमीटर तसं चालवणं म्हणजे साडेचारशे मीटरच्या आसपास चढणं. कसाऱ्याहून घाट चढून इगतपुरीला येताना आपण याहून कमी चढतो. तुमचा घाट तिथेच होता, फक्त डोळ्यांना दिसत नव्हता.

उलट बाजूने पाहा. त्याच 105 वॅटवर राहिलात तर समोरच्या वाऱ्यात वेग 20 च्या खाली येतो आणि पाठीशी वारा असेल तर 31 पर्यंत जातो. म्हणजे जाताना जे मिळालं ते येताना फिटलं, असं बऱ्याच जणांना वाटतं, पण हिशोब तसा होत नाही. कमी वेगाच्या रस्त्यावर तुम्ही जास्त वेळ असता. चाळीस जाऊन चाळीस येताना शांत हवेत तीन तास बारा मिनिटं लागतील, तर या वाऱ्यात तीन तास वीस. वेळेचा फरक किरकोळ आहे. पण शरीराच्या दृष्टीने दोन तास समोरचा वारा झेलणं आणि तेही राइडच्या उत्तरार्धात, उन्हात, पोटात काही नसताना, ही गोष्ट किरकोळ नाही. आणि तुम्ही 105 वर राहिला नसणारच. वेग पडतोय हे दिसल्यावर माणूस जोर लावतो. मीटरवरचा आकडा पुन्हा पंचविसावर आणायचा प्रयत्न करतो. तिथेच तुमचं इंधन संपलं.

आता त्या दिवशी वारा आला कुठून, हे समजून घ्या, कारण आपल्या भागात तो बराच अंदाज बांधता येण्याजोगा आहे. नाशिकहून नांदूर मध्यमेश्वर पूर्वेला आहे. गोदावरीही तिकडेच वाहते, त्यामुळे जाताना अगदी नकळत उतार असतो आणि येताना तेवढाच चढ. तो नगण्य आहे, सोडून द्या. वाऱ्याचं मात्र तसं नाही. नोव्हेंबर ते जानेवारी या भागात वारा बहुधा पूर्वेकडून, ईशान्येकडून आणि हलका असतो. फेब्रुवारीच्या शेवटापासून तो पालटायला लागतो, आणि मार्च-एप्रिल-मेमध्ये दिवस चढला की पश्चिम-वायव्येचा वारा जोर धरतो. पावसाळ्यात तर पश्चिमेचाच. म्हणजे तुमच्या मार्चमधल्या राइडला जाताना वारा शांत किंवा पाठीशी होता आणि परतताना तोंडावर. जाताना जो 27 चा वेग आला त्यातला थोडा वाटा वाऱ्याचा होता. तो आपला समजून तुम्ही पुढचं गणित मांडलंत.

यात घड्याळाचाही मोठा हात असतो. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा जड होऊन खाली बसून राहते, आणि वरचा वेगवान वारा तिच्यावरून निघून जातो. म्हणून पहाटे रस्त्यावर पानही हलत नाही. ऊन तापलं की जमिनीजवळची हवा वर उठते, वरची खाली येते आणि येताना आपला वेग घेऊन येते. आपल्याकडे हे नऊ-दहाच्या सुमाराला सुरू होतं. साडेदहाला परत फिरणं म्हणजे नेमकं वारा उठल्यावर फिरणं. मार्चनंतर ही राइड करायचीच असेल तर पहाटे साडेपाचला निघा, साडेसातला पाणथळीवर पोहोचा, तासभर थांबा आणि साडेआठला परतीला लागा. पक्ष्यांसाठीही तीच वेळ चांगली.

हिवाळ्यात मात्र हाच रस्ता तुमच्यावर प्रसन्न असतो. जाताना पहाटेची निवांत हवा, येताना उठलेला पूर्वेचा वारा पाठीशी. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचे सायकलवाले तिकडे वळतात त्यामागे स्थलांतरित पक्षी आहेतच, पण वारा हेही तितकंच मोठं कारण आहे. माझा आग्रह असा की पहिली शंभर किलोमीटरची राइड याच दिवसांत, याच दिशेला करा.

निघण्याच्या आदल्या रात्री हवामानाच्या अ‍ॅपमध्ये तापमान पाहता तसा वाऱ्याचा तासागणिक अंदाज पाहा. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा. काही अ‍ॅपमधले बाण पाहून लोक उलटं समजतात. दुसरं, अंदाजातला वेग जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा असतो. सायकलवर बसलेल्या माणसाच्या उंचीला, आणि झाडंझुडपं असतील तर आणखीच, तो बराच कमी जाणवतो. अंदाजात 15 लिहिलं असेल तर घाबरू नका. 25 लिहिलं असेल तर मार्ग बदला किंवा राइड अर्धी करा.

या रस्त्याचं एक वैशिष्ट्य बाहेरून आलेल्याला लक्षात येत नाही. निफाड तालुका उसाचा, द्राक्षांचा आणि कांद्याचा. ऊस उभा असतो तोवर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीच्या भिंती असतात. त्यांच्या आडोशाने समोरचा आणि आडवा, दोन्ही वारे बोथट होतात. तोड सुरू झाली की एकेक फड मोकळा होतो. आडोशातून अचानक उघड्यावर आलं की आडवा वारा सायकल अर्धा फूट ढकलतो. बंधाऱ्याच्या फुगवट्याजवळ तर मोठ्या उघड्या पाण्यावरून वारा विनाअडथळा येतो. अशा जागी हँडल घट्ट आवळू नका. कोपरं सैल ठेवा, गिअर एकाने हलका करा, रस्त्याच्या कडेपासून हातभर आत चाला, म्हणजे ढकललं गेलात तरी कडेच्या मातीत जाणार नाही. मार्चपर्यंत बराच ऊस तुटलेला असतो. तुमच्या राइडला तो आडोसाही नव्हता.

समोरच्या वाऱ्यात चालवायचं कसं? वेग पाहणं सोडा. मीटरचा पडदा बदलून त्यावर फक्त वेळ किंवा केडन्स, म्हणजे पॅडल मिनिटाला किती वेळा फिरतं तो आकडा, ठेवा. श्वास असा हवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल. वाक्य तुटायला लागलं की गिअर हलका करा. पॅडल मिनिटाला 80 ते 90 वेळा फिरू द्या. आपल्याकडे सपाटीला मोठा गिअर टाकून जोराने रेटायची सवय आहे, आणि तिचा पुरावा म्हणजे राइडनंतर दुखणारे गुडघे. हलक्या गिअरला पाय भराभर फिरवले की स्नायूंवरचा ताण थोडा हृदय-फुप्फुसांकडे जातो, आणि ती लांब पल्ल्याला जास्त टिकतात.

मग शरीर लहान करा. हायब्रिडच्या सरळ हँडलवर कोपरं वाकवून छाती खाली आणली तरी हवेचा विरोध जाणवण्याइतका कमी होतो. फडफडणारा विंडचीटर समोरच्या वाऱ्यात पैसे देऊन घेतलेला ब्रेक आहे. अंगासरशी जर्सी घाला. काही नसेल तर साधा घट्ट टी-शर्टही चालेल, पण कापूस घामाने ओला राहतो आणि पहाटे थंडी वाजते.

दोघं-तिघं असाल तर एकामागे एक लागा. पुढच्याच्या आडोशाला मागच्याचे पाव भागाच्या आसपास कष्ट वाचतात, समोरचा वारा असेल तर त्याहून जास्त. पुढे राहण्याची पाळी लहान ठेवा, दोन-तीन मिनिटं पुरे. दमल्यावर मागे येऊ नका, दमण्याआधी या. नवे असाल तर पुढच्या चाकापासून सायकलभर अंतर ठेवा. त्या अंतरावरही फायदा मिळतो. खड्डा, काच, कुत्रा दिसला की पुढच्याने हाताने खुणावायचं आणि ओरडायचं, हा नियम पाळणारा गट असेल तरच जवळ जा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे लागून वेग मिळवणारी मुलं त्या भागात दिसतात. ते कृपा करून कधीही करू नका. ट्रॉलीला ब्रेकचे दिवे बहुधा नसतात, वरून उसाची मोळी घसरू शकते, आणि तुम्हाला समोरचा खड्डा चाकाखाली आल्यावरच कळतो.

हातांच्या मुंग्या आणि बसण्याचा त्रास यांचं मूळ सपाटीतच आहे. घाटात तुम्ही चढाला सीटवरून उठता, उताराला पाय थांबवता, वळणांवर अंग हलवता. शरीराला दर काही मिनिटांनी नवी बैठक मिळते. सपाटीला एकच बैठक, तीही तासन्‌तास, आणि पाय एकदाही थांबत नाहीत. त्यामुळे तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूची नस दबते, मांड्यांच्या मधल्या भागातलं रक्त अडतं. उपाय सोपा आहे, पण घड्याळ लावून करावा लागतो. दर दहा मिनिटांनी वीस-पंचवीस पॅडल उभं राहून मारा. हात हँडलवर सरकवा. सरळ हँडलला टोकाशी लावायचे बार-एंड मिळतात, ते बसवले की हाताला दुसरी जागा मिळते, आणि त्यांना धरलं की मनगटं नैसर्गिक कोनात येतात. सीटचं नाक पुढे झुकलेलं असेल तर अंगाचा भार हातांवर येतो. स्पिरिट लेव्हल ठेवून ते आडवं करा. पॅडल अगदी खाली असताना टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा, इतकी सीटची उंची साधारण बरोबर. आणि पॅडिंगची चड्डी आत काही न घालता वापरायची असते, हे दुकानदार बहुधा सांगत नाहीत.

खाण्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, यावरून मला वाटतं की निघताना चहा-बिस्किट आणि बंधाऱ्यावर एखादं केळं एवढंच झालं असावं. घाटाच्या राइडला माथ्यावर थांबायचं असतं, तिथे आपोआप खाल्लं जातं. सपाटीला थांबायला निमित्तच मिळत नाही. दोन तासांहून लांब राइडला तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यातून पंचवीसच्या आसपास मिळतात. केळं, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, चिक्की, गूळपोळीचा चतकोर, असलं काहीतरी खिशात ठेवा आणि पहिल्या पाऊण तासापासून थोडं थोडं खायला लागा. भूक लागायची वाट पाहू नका, तोवर उशीर झालेला असतो. पाण्याचंही तसंच. थंडीत तहान लागत नाही आणि लोक चाळीस किलोमीटर घोटभर पाण्यावर जातात. उन्हाळ्यात एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएस. मिसळ परत आल्यावर खा. मी मिसळीच्या विरोधात अजिबात नाही, पण तर्री पोटात घेऊन समोरच्या वाऱ्यात वाकून बसता येत नाही.

रस्त्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो. छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा मुख्य रस्ता, म्हणजे माडसांगवी, शिलापूर, ओढा, लाखलगाव, चांदोरी ही पट्टी, गुळगुळीत आहे पण वाहतूक जड. सकाळी सातच्या आत ती पार करा. चांदोरी-सायखेड्याच्या बाजूने आतल्या रस्त्यांना लागलात की खरी मजा सुरू होते. रुंदी कमी, वाहनं कमी, एका बाजूला गोदा आणि दुसऱ्या बाजूला मळे. बंधाऱ्यापासून निघणाऱ्या डाव्या-उजव्या कालव्यांच्या कडेचे रस्ते नकाशात सुंदर सरळ दिसतात आणि लोकांना मोह होतो. ते बहुतेक मुरुमाचे, देखभालीसाठी केलेले असतात. बारीक टायरने तिकडे जाऊ नका.

ऊसतोडीच्या काळात, ढोबळमानाने नोव्हेंबर ते मार्च, जोड-ट्रॉलीचे ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या रस्त्यावर असतात. ट्रॉलीतला ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो. ओलांडताना दोन सायकलींइतकं अंतर सोडा. समोरून येत असेल तर वेग कमी करून कडेला या, कारण ट्रॉलीचं शेपूट वळणावर झोलतं. द्राक्षांच्या हंगामात पिकअप गाड्या घाईत असतात, आणि लासलगावच्या बाजूला कांद्याचे ट्रॅक्टर. हे त्यांचे कामाचे रस्ते आहेत. आपण पाहुणे आहोत आणि तसंच वागावं. शेतातून चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते, ती कोरडी असताना काही नाही, पण दव पडलं किंवा कुणी पाणी सोडलं की तिच्यावर ब्रेक लावायचा नाही आणि वळायचं नाही. सरळ, पॅडल थांबवून निघून जायचं.

पंक्चर. या भागात याला स्वतंत्र परिच्छेद हवाच. पावसाळा सरला की रस्त्याच्या कडेला सराटे सुकतात आणि त्यांचे काटे कसेही पडले तरी एक टोक वर राहतं. शिवाय कुंपणासाठी तोडलेली वेडी बाभूळ. म्हणून फोटो काढायला थांबलात तर सायकल कडेच्या गवतात लोटू नका. उचलून न्या आणि उचलून आणा. पुन्हा निघताना चाक हळू फिरवत टायरवरून हातमोजा घातलेला तळवा फिरवा. काटा आत जायला वेळ लागतो, आधी सापडला तर वाचतो. दोन ट्यूब, पॅच, टायर काढायच्या पट्ट्या आणि पंप जवळ हवा. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काटा निघाल्याची खात्री केल्याशिवाय नवी ट्यूब टाकू नका, नाहीतर पाच मिनिटांत तीही जाते. आतल्या गावांत दुचाकीचं पंक्चर काढणारे मिळतात, पण प्रेस्टा व्हॉल्व्हला, म्हणजे काही सायकलींच्या ट्यूबला असतो त्या बारीक व्हॉल्व्हला, त्यांचा पंप बसत नाही. त्याचा बारीक पितळी अ‍ॅडॉप्टर सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा.

थंडीबद्दल बाहेरगावच्या वाचकांसाठी. निफाडची थंडी महाराष्ट्रातल्या कडक थंडीत मोडते. डिसेंबर-जानेवारीत पारा अनेकदा पाच-सहा अंशांपर्यंत येतो आणि नदीकाठी धुकं इतकं दाटतं की वीस पावलांवरचं दिसत नाही. मागचा लाल दिवा आणि पुढचा पांढरा, दोन्ही चालू ठेवा, दिवस उजाडला तरी. बोटं झाकणारे हातमोजे, कानावर पट्टी आणि जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी. ही जुनी युक्ती अजूनही उत्तम काम करते, आणि नऊ वाजता ऊन तापलं की कागद काढून खिशात ठेवता येतो. धुक्यात गटाचा वेग सर्वांत पुढच्याला जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल असा हवा. त्यापुढे ताशी एक किलोमीटरही नको.

पावसाळ्यात हा मार्ग मी सुचवत नाही. पश्चिमेचा वारा हे एक कारण झालं. मोठं कारण पाणी. चांदोरी आणि सायखेडा ही गावं पुरासाठी ओळखली जातात. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं की खालच्या काठचे रस्ते त्या दिवशी आपले नाहीत, असं समजायचं. पुलावरून घोटाभर पाणी जात असेल तरी सायकल घालू नका. खालचा भराव वाहून गेलाय की नाही हे गढूळ पाण्यातून दिसत नाही, आणि वाहतं पाणी उभ्या माणसापेक्षा सायकलवरच्या माणसाला लवकर पाडतं. पूर ओसरल्यावरही आठ-दहा दिवस गाळ, फांद्या आणि खचलेल्या कडा राहतात.

आता ज्यासाठी एवढं जायचं त्याविषयी. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा घातला गेला. पाणी तुंबलं, त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, गाळाची बेटं झाली, त्यांवर लव्हाळी-पाणकणीस वाढलं आणि पाणथळ जमीन तयार झाली. 1986 मध्ये ते अभयारण्य झालं. 2020 च्या जानेवारीत रामसर यादीतलं महाराष्ट्रातलं पहिलं स्थळ म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. फुगवटा इतका लांब आहे की पाणी उतरलं की चांदोरीच्या पात्रातली जुनी मंदिरं उघडी पडतात. म्हणजे तुम्ही चांदोरीपासून पुढे जो काठ धरता तो त्याच पाण्याचा. रस्ता सपाट का आहे याचं उत्तरही नदीच्या या गाळाच्या मैदानात आहे.

अडीचशेच्या घरात पक्ष्यांच्या जाती इथे नोंदल्या गेल्यात. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, चमचा, शेकाट्या, जांभळी पाणकोंबडी, आणि वारकरी तर शेकड्यांनी. सायकलवाल्याला एक मोठा फायदा आहे. इंजिनाचा आवाज नसल्याने काठच्या रस्त्यावरूनही खूप दिसतं. वरून भोवत्या हा शिकारी पक्षी फिरायला लागला की पाण्यावरची सगळी बदकं एकदम उठतात, ते दृश्य चालत्या सायकलवरून पाहण्यात फार सुख आहे. पण ते पाहायचं असेल तर शिट्या, स्पीकर, गटातला आरडाओरडा बंद. खाणगाव थडी, चापडगाव या बाजूंना निरीक्षणाचे मनोरे आहेत. सायकली आधीच लावा, वनविभागाचं तिकीट घ्या आणि चालत जा. बांधावर सायकल घालू नका. ओल्या काळ्या मातीने चाक तर अडकतंच, पण काठावर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी उघड्या जमिनीवर मातीच्याच रंगाची असतात, ती चाकाखाली जातात. संध्याकाळी फिरलात तर चष्मा हवा, पाण्याजवळ चिलटांचे थवे डोळ्यांत जातात. उबदार डांबरावर साप येऊन पडतात, त्यामुळे दिवेलागणीनंतर वेग कमी ठेवा, त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी.

सपाटीच्या सरावाचा दुसरा उपयोगही सांगून ठेवतो. लांब पल्ल्याची खरी परीक्षा सपाटीवरच होते. 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, साडेतेरा तासांत पुरी करायची असते. त्यात चढाने माणसं जितकी गळतात त्याहून जास्त समोरचा वारा, उपाशी पोट आणि दुखरी बैठक यांनी गळतात. नाशिकमध्ये लांब पल्ल्याची परंपरा मोठी आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची रॅम शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. त्या शर्यतीत डोंगरांबरोबर कॅन्सससारखी अफाट सपाटी आणि तिच्यावरचा वाराही असतो. पंढरपूरची सायकल वारीही मोकळ्या माळरानातून जाते. या कशातही उतरायचं मनात असेल तर घाटाबरोबर महिन्यातून एक लांब सपाट राइड ठेवाच, आणि त्या दिवशी मुद्दाम आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा.

हे शेवटचं वाक्य या मार्गापुरतं थोडं अवघड आहे, कारण मार्च-एप्रिलमध्ये नाशिकहून पूर्वेला जाणं म्हणजे उलटंच होतं. त्या महिन्यांत दिशा बदला. पश्चिमेला गंगापूर धरणाच्या अंगाने जा आणि वारा पाठीशी घेऊन शहराकडे परता. तिथे थोडा चढ-उतार आहे, पण तो तुम्हाला जमतोच. नांदूर मध्यमेश्वर नोव्हेंबरपर्यंत राखून ठेवा.

राहिला सायकलचा प्रश्न. आत्ता रोड बाइक घेऊ नका. हायब्रिडवर आधी टायर बदला. जाड नक्षीचे असतील तर 32 मिलीमीटरचे गुळगुळीत टायर टाका, सत्तर किलोच्या माणसाला मागे 65 आणि पुढे 60 पीएसआयच्या आसपास हवा पुरते. दगडासारखी टणक हवा भरली म्हणजे वेग वाढतो हा समज सोडा. आपल्या खडबडीत डांबरावर ती फक्त हात बधिर करते. बार-एंड, सीटचा कोन, बरी चड्डी आणि चेनला वेळेवर तेल, हे सगळं मिळून रोड बाइकच्या किमतीच्या एका कोपऱ्यात बसतं. हे करून डिसेंबरमध्ये एकदा आणि जानेवारीत एकदा, पहाटे निघून, दर पाऊण तासाला खात, हाच मार्ग करा. त्यानंतरही वाकून बसण्याची, हाताला खाली धरायची जागा हवी असं वाटलं, तर रोड बाइक बघा. बघताना 32 चे टायर मावतील एवढी जागा फ्रेममध्ये असलेलीच बघा, पुढे 50 आणि 34 दात्यांच्या चकत्यांचा जोड आणि मागे 32 दात्यांपर्यंतच्या चकत्यांचा कॅसेट असलेली, म्हणजे पहिनेही सुटणार नाही. विकत घेण्याआधी एखाद्या मित्राची किंवा भाड्याची, आपल्या मापाची, घेऊन ओढा गावापर्यंत जाऊन या. मानेला आणि कमरेला ती बैठक मानवते का, हे तेवढ्यात कळतं.